ए-३०४ चा रकाना

सेक्रेटरी (बी-१०२): सर्व सभासदांना नमस्कार 🙏 रहिवासी माहितीचे ९० पैकी ८७ फॉर्म आले. ए-३०४ चा अपूर्ण आहे, 'धर्म' रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. पूर्ण करून द्यावा.

ए-३०४: काका, अपूर्ण नाही, तेच उत्तर आहे. आम्ही दोघं कुठलाच धर्म मानत नाही.

बी-४०१ आजोबा: आडनावावरून कळतंच की 😄

ए-३०४: मग विचारता कशाला 😄

सी-२०२: लिहून टाकायला काय जातं? आम्ही तरी कुठे रोज पूजा करतो!

ए-३०४: खाली 'वरील माहिती खरी आहे' म्हणून सही करायचीय ना.

सी-२०२: असे तुम्ही दोघंच असाल हो.

बी-३०३ (वकील): २०११ च्या जनगणनेत २८ लाखांहून जास्त लोकांचा धर्म 'नमूद नाही' असा होता. ते सगळे नास्तिक नसतील, पण दोघंच नक्की नाहीत. आणि २०१४ मध्ये आपल्याच मुंबई हायकोर्टाने सांगितलंय की धर्म सांगायची सक्ती सरकारला करता येत नाही. 'माझा कुठलाच धर्म नाही' म्हणायचा हक्क राज्यघटनेच्या कलम २५ मध्येच आहे. गंमत म्हणजे कोर्टात गेलेले नास्तिक नव्हतेच. येशूला मानणारे होते, पण ख्रिस्ती किंवा दुसरा कुठलाच धर्म लावायचा नव्हता. गॅझेटमध्ये तशी नोंद करायला सरकारी छापखाना तयार होईना.

सी-२०२: म्हणजे सोसायटीलाही लागू?

बी-३०३ (वकील): तसं नाही म्हणता येणार. निकाल सरकारविरुद्धचा, सोसायटी म्हणजे सरकार नव्हे. पण ही माहिती घेऊन आपण करणार काय, ते सांगा.

सेक्रेटरी (बी-१०२): झेरॉक्सवाल्याकडे दुसऱ्या सोसायटीचा नमुना होता. नाव बदलून घेतलं.

ए-१०१ काकू: वाईट वाटून घेऊ नकोस रे, पण काही बरंवाईट झालं आणि घरात कोणी नसलं, तर आम्ही गुरुजींना बोलवायचं की नाही? तुझी आई गेली तेव्हा दहावं कुठे आहे म्हणून आम्ही एकमेकींना विचारत बसलो होतो.

ए-३०४: काकू, तेव्हा आठ दिवस डबा तुमच्याकडूनच येत होता, विसरलो नाही. आईचं देहदान केलं, दहावं नव्हतंच. आम्हा दोघांचेही देहदानाचे फॉर्म भरलेत. सोसायटीच्या फॉर्मच्या मागे पेन्सिलीने मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागाचा नंबर लिहिलाय. देहदानाला वेळ फार नसतो, तेव्हा तोच लागेल. पुढच्या बाजूला त्याला जागा नव्हती.

सेक्रेटरी (बी-१०२): हो, आहे. मला वाटलं दूधवाल्याचा.

सी-४०४ भाभी: आम्ही रकाना भरलाय. पण हे घर मिळायच्या आधी तीन ठिकाणी फोनवर पहिला प्रश्न हाच होता, भाड्याचं बोलणं नंतर. नसलेला बरा.

बी-४०१ आजोबा: भाभींचं खरं आहे. पण हे निधर्मीपण म्हणजे परदेशी खूळ.

ए-३०४: आजोबा, बुद्धिवादी सुधारक आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य होते. ते जिवंत असताना पुणेकरांनीच त्यांची प्रेतयात्रा काढली.

बी-४०१ आजोबा: मी फर्ग्युसनचाच. मला नको सांगूस.

सी-२०२: मग गणपतीची वर्गणीही देणार नाही का?

ए-३०४: देतो की! मांडवाच्या लायटिंगच्या माळा १५ वर्षं कोण लावतंय? फक्त मेंटेनन्सच्या बिलात लावू नका, वेगळी पावती फाडा. ज्याला द्यायची तो देईल.

बी-४०१ आजोबा: मग निम्मे देणार नाहीत.

बी-३०३ (वकील): निम्मे कोण ते तरी कळेल 😂

सी-२०२: 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

सेक्रेटरी (बी-१०२): वर्गणी रविवारच्या मीटिंगला घेऊ. धर्माचा रकाना काढतोय, तिथे 'आपत्कालीन संपर्क २' येईल. पुन्हा फॉर्म भरायची गरज नाही, आलेल्यांवर मी व्हाइटनर लावतो.

बी-३०३ (वकील): अहो, सही केलेल्या कागदावर व्हाइटनर नको 🙏

सेक्रेटरी (बी-१०२): मग आडवी रेघ मारतो. ए-३०४ सारखी.