अनुभव धागा: भांडण, बट्टी आणि पुन्हा डाव

पालकसभांमध्ये हल्ली 'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्द वरचेवर कानावर पडतो. १९९० मध्ये पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली. स्वतःच्या आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं आणि त्याप्रमाणे वागायचं, असा तिचा साधा अर्थ. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये २०२४ पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'आनंददायी शनिवार' हा शनिवारी खेळ-कृतींतून शिकायचा उपक्रम आला, त्याचंही मी मनापासून स्वागत करते. पण माझं ठाम मत असं आहे की यातलं बरंचसं मुलं खेळताना शिकतात. आपले जुने खेळ त्यासाठी पुरेसे आहेत, आणि त्यातले नियम मुलांनीच पिढ्यानपिढ्या घासूनपुसून तयार केले आहेत.

तुमच्या घरी, वर्गात, गल्लीत कुठल्या खेळाने काय घडलं ते लिहा. नियमही लिहा, म्हणजे इतरांना तो खेळ घेता येईल. मुलांची नावं मात्र नकोत. सुरुवात मी करते.

दोन मुलींची आई, ठाणे

आमच्या सोसायटीत पाच ते तेरा वर्षांची मुलं एकत्र खेळतात. डबा ऐसपैसमध्ये पाच वर्षांच्या मुलावर राज्य आलं तर डाव रखडतो, आणि त्याला घेतलंच नाही तर ते जिन्यात बसून रडतं. यावर मुलांचा तोडगा म्हणजे कच्चा लिंबू. त्याने पळावं, लपावं, आरडाओरडा करावा. तो सापडला तरी त्याच्यावर राज्य नाही. 'सगळ्यांना सामावून घ्या' हे आपण सांगत बसतो, आणि मुलं ते रोज संध्याकाळी करतात.

त्यातही मला आवडतं ते हे की कच्चा लिंबू कायम कच्चा राहत नाही. धाकटीने एक दिवस स्वतःच जाहीर केलं, "आता माझ्यावर राज्य येऊ दे." आलं. बराच वेळ तिला कुणीच सापडेना, ओठ थरथरायला लागले. मी खिडकीतून बघत होते, खाली जावंसं वाटत होतं. तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागे लपलेल्या एका मोठ्या मुलाने चप्पल फरशीवर घासली, तिला ऐकू येईल इतपतच. तिने वळून त्याला ऐसपैस केलं. "शी, सापडलो!" म्हणत तो बाहेर आला. त्याला हे कुणी शिकवलं असेल असं मला वाटत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी तोही कच्चा लिंबूच होता.

जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, बीड जिल्हा

आमच्याकडे ऊसतोडीचा हंगाम संपला की मुलं आईवडिलांबरोबर गावी परततात. वर्गात तोवर जोड्या जमलेल्या असतात. आलेलं मूल पहिले काही दिवस भिंतीला टेकून उभं राहतं. "याला खेळायला घ्या रे" असं गुरुजींनी सांगून उपयोग होत नाही. घेतात, पण नावापुरतं.

मी या दिवसांत विषामृत खेळायला लावतो. एकावर राज्य. त्याने शिवलं की 'विष', जागच्या जागी बसायचं. मोकळ्या गड्याने येऊन शिवून 'अमृत' म्हटलं की पुन्हा पळायचं. अमृत द्यायला जाणाराही बाद होऊ शकतो, म्हणजे दुसऱ्याला सोडवायचं तर स्वतः थोडा धोका पत्करावा लागतो. मी त्यात एकच नियम वाढवला: ज्याला अजून कुणी अमृत दिलेलं नाही, त्याच्याकडे आधी जायचं. हा नियम पाळायचा तर मुलांना मान वर करून बघावं लागतं, कोण कधीपासून बसलंय ते. एरवी जो तो आपल्या मित्राकडेच धावतो.

गेल्या वर्षीचं सांगतो. चौथीतली एक मुलगी धापा टाकत कोपऱ्यात बसलेल्या नव्या मुलीकडे गेली, तिला शिवून 'अमृत' म्हणाली, आणि दोघी दोन दिशांना पळाल्या. अर्ध्या मैदानातून ती मागे वळून ओरडली, "ए, तुझं नाव काय गं?" तोवर आठवडाभर दोघी एकाच वर्गात होत्या.

आणखी एक. कर्णधारांना एकेक गडी निवडायला लावू नका. शेवटी उरलेल्या मुलाचा चेहरा बघवत नाही. जुनी रीत चांगली आहे: सारख्या ताकदीच्या दोघांनी जोडीने बाजूला जायचं, गुपचूप दोन नावं ठरवून यायचं, वाघ आणि मोर, काहीही. कर्णधार नाव मागतो, मूल नाही. संघही समतोल होतात.

खो-खो प्रशिक्षक, सांगली

गुरुजींशी सहमत. माझ्या खेळाबद्दल लिहितो. आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलाग करणारा. त्याने मागून शिवून 'खो' म्हटल्याशिवाय उठलात तर फाऊल. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी हे फार अवघड असतं. पळणारा हाताच्या अंतरावरून जातोय, अंग उसळतंय, आणि तरी बसून राहायचं. नव्या मुलांचे गुडघे अक्षरशः थरथरतात. मी त्यांना 'राग आवर' वगैरे काही सांगत नाही. चवड्यांवर भार ठेव, कान मागे ठेव, एवढंच सांगतो. काही महिन्यांनी आयाच सांगतात की घरी आदळआपट कमी झाली.

दुसरी गोष्ट खो देण्याची. काही मुलांना स्वतःच गडी मारायचा असतो, ती खो देतच नाहीत. मग मी सरावात फक्त दिलेले खो मोजतो, मारलेले गडी नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताने पुरुष आणि महिला दोन्ही गटांत जिंकला. प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या सामन्यांच्या चित्रफिती मुलांना दाखवतो, आणि पाठलाग करणाऱ्यापेक्षा बसलेल्यांकडे बघायला सांगतो.

एक आई, पुणे

माझा मुलगा दहा वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. वरच्या खेळांत त्याला लगेच सोडलं तर तो कानांवर हात ठेवून निघून जाईल, म्हणून आमचा अनुभव लिहिणं गरजेचं वाटलं. साखळीसारख्या खेळात हात धरावे लागतात, तो स्पर्श त्याला सोसत नाही. मोकळ्या खेळात पुढे काय होणार ते कळत नाही, त्याची त्याला धास्ती वाटते. सापशिडी मात्र जमली. नियम बदलत नाहीत, पाळी कुणाची ते दिसतं. आम्ही पाळी असणाऱ्याच्या हातात एक लाल टोपण देतो. टोपण ज्याच्याकडे, फासा त्याचा.

सापाने गिळलं की तो पट उधळायचा. थेरपिस्ट ताईंनी सुचवलं म्हणून मी माझी सोंगटी खाली आली की मोठ्याने म्हणायला लागले, "मला वाईट वाटलं. थांबते. श्वास घेते. आता पुढे." रोज तेच शब्द, त्याच क्रमाने. आता तोही म्हणतो. परवा शेजारचा मुलगा खेळायला आला होता आणि नव्व्याण्णववरून घसरून रडकुंडीला आला. माझ्या मुलाने त्याच्याकडे बघितलं नाही, पण टोपण त्याच्या पुढ्यात सरकवून म्हणाला, "थांब. श्वास घे. आता पुढे." सहानुभूती दाखवायच्या वेगवेगळ्या तऱ्हा असतात, एवढं शिक्षकांनी कृपया लक्षात घ्यावं.

एक आई, श्टुटगार्ट, जर्मनी

इथल्या बालवाड्यांमध्ये 'ओब्स्टगार्टन' म्हणजे फळबाग हा पटावरचा खेळ सर्रास दिसतो. हाबा कंपनीने तो १९८६ मध्ये आणला. फाशाच्या चार बाजूंना रंग, एकीला टोपली, एकीला कावळा. रंग पडला की त्या झाडाचं फळ तोडायचं. कावळा पडला की त्याच्या चित्राचा एक तुकडा जोडायचा. चित्र पूर्ण व्हायच्या आत सगळी फळं उतरवली तर सगळेच जिंकले, नाहीतर सगळेच हरले. माझी दोन मुलं एकमेकांशी सतत स्पर्धा करायची, त्यांनी पहिल्यांदा एकमेकांना "अगं, आधी चेरी तोड, त्या जास्त उरल्यात" असं सांगितलं ते या पटावर. भारतात मिळाला नाही तरी पुठ्ठा आणि रंगीत मणी घेऊन घरी करता येईल.

नातवंडांचे आजोबा, नाशिक

ताईंचा खेळ छान आहे, पण कावळ्यावर सगळं ढकलून चालणार नाही. समोर बसलेल्या माणसाकडून हरायची सवयही हवी. आमच्याकडे बदाम सात चालतं. नातीने इस्पिकचा आठ्ठा अडवून धरला की नातू लालबुंद होतो. मी मध्ये पडत नाही आणि मुद्दाम हरतही नाही. मुलांना ते कळतं, आणि खोटी जीत त्यांना लागते. आमचा रिवाज एवढाच की जिंकणाऱ्याने हरलेल्याला त्याची एक चांगली खेळी सांगायची, आणि हरलेल्याने पत्ते पिसायचे. पिसेपर्यंत राग निम्मा उतरतो. चिडून उठून गेला तर जाऊ द्यावं. पुढच्या डावाचे पत्ते त्याच्या जागेवर वाटून ठेवावेत, तो येतो.

शाळेतील समुपदेशक, कोल्हापूर

आजोबांचं 'मध्ये न पडणं' मला फार मोलाचं वाटतं. मात्र मारहाण, सतत एकालाच चिडवणं, घोळक्याने वाळीत टाकणं हे खेळाचा भाग समजू नका. तिथे मोठ्यांनी ताबडतोब थांबवायलाच हवं. एरवी खेळ संपल्यावर बोधाचे डोस नकोत. एकच प्रश्न विचारावा, "आज तुला कुणी सोडवलं?" किंवा "कुठे चिडायला झालं?" उत्तर आलं नाही तरी चालतं.

पाचवीच्या वर्गात मी चिठ्ठ्यांचा मूकाभिनय घेते: हिरमोड, हेवा, ओशाळणं, हुरहूर. 'हेवा' आला तेव्हा एका मुलाने काहीच केलं नाही, फक्त मित्राच्या नव्या बुटांकडे बघून आपले पाय बाकाखाली ओढून घेतले. वर्गाने क्षणात ओळखलं.

बालवाडी शिक्षिका, फोंडा, गोवा

पावसाळ्यात मैदान बंद असतं, तेव्हा वर्गात गोल करून 'मामाचं पत्र हरवलं' घ्या. रुमालात खरंच एक पत्र ठेवायचं. ज्याच्या मागे रुमाल पडेल त्याने धावून यावं आणि बाईंकडून पत्र वाचून घ्यावं. पत्रात त्या आठवड्यात त्याने केलेली, दुसऱ्या मुलाने पाहिलेली गोष्ट असते: "तू माझी बाटली उघडून दिलीस." मुलं सांगतात, मी लिहून घेते. 'तू छान आहेस' असलं पत्र चालत नाही. प्रत्येकाच्या नावाचं पत्र आहे ना, ते आदल्या दिवशी तपासून ठेवा. ज्याच्याबद्दल कुणीच काही सांगितलं नसेल, त्याच्याजवळ दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मुद्दाम एखाद्या मुलाला बसवा आणि त्याचं पत्र तयार झालं की मगच खेळ घ्या.