'पुराना मंदिर' परत पाहिला: भीती सामरीची की शापाची?

निशाचर:
रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (१९८४) परवा पुन्हा पाहिला. शाळेत असताना गल्लीत भाड्याचा व्हीसीआर आणून रात्रभर पिक्चर चालायचे, तेव्हा बघून तंतरली होती. आता त्यातल्या सैतानाचं, सामरीचं, काही वाटत नाही. अजय अग्रवालची उंची, लाल डोळे, सगळं ठीक. पण तो यायच्या आधी धूर येतो, धुराआधी म्युझिक येतं, मग दचकायचं कधी? अंगावर येतो तो शाप. मुंडकं उडायच्या आधी सामरी राजाला बजावतो की तुझ्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. त्याच घराण्यातला ठाकूर (प्रदीप कुमार) पोरीच्या प्रेमाच्या आड येतो तो याच धास्तीने. जगदीपचा विनोदी डाकू मच्छरसिंग तेवढा कापा, झकास भयपट उरेल.

फुलबाजा:
साफ असहमत. मच्छरसिंग कापायचा? अहो, 'शोले'ची ती टिंगल होती म्हणून पब्लिक टिकलं. सलग अडीच तास कोण घाबरणार? आणि शाप म्हणजे नुसतं निमित्त, सगळ्यांना हवेलीत न्यायचं. तिथे पोचल्यावर बाळंतपणाची आठवण कुणाला राहते?

निशाचर:
निमित्तच हवं होतं तर खजिना चालला असता की! बाळंतपण निवडलं, कारण घरोघरी त्याची खरी भीती होती.

सांजवात:
कसली निवड आणि कसलं काय! ठाकूरच्या पोरीच्या, सुमनच्या (आरती गुप्ता), जिवाला घोर, आणि कॅमेरा शॉवरखाली तिच्याभोवती घुटमळतोय. शाप बायकांना, तो उतरवायची धावपळ मात्र मोहनीश बहल आणि पुनीत इस्सरची. तिला काय वाटतं हे पिक्चर विचारतच नाही. हा गहन अर्थ तुमच्या पदरचा आहे, निशाचर.

काळी पहाडी:
दोन्ही बाजू पेटी विसरल्या राव. सामरीचं मुंडकं पेटीत, वर त्रिशूळ, धड भलतीकडे. हे सुरुवातीलाच कळतं, म्हणजे कुणीतरी तो त्रिशूळ उचलणार हेही कळतं. भूत दिसत नाही तोवरची ती वाट बघणं, त्यात रामसेंचा हात कोण धरणार? आणि हे सगळं घरच्या माणसांवर: तुलसी-श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) तर महाबळेश्वरला विश्रामगृहात मुक्काम ठोकून काढला होता. एवढ्याशा पैशात हे करून दाखवा म्हणावं आजच्या लोकांना.

सांजवात:
कमी पैसे होते म्हणून शॉवर माफ? पैसे वाचवायचे तर पाणी तरी वाचवायचं.

निशाचर:
शॉवरच्या वकिलीला मी उभा नाही. पण पेटी तरी भीतिदायक का? उघडली तर कोण मरणार हे शापानेच सांगितलंय. आणि मच्छरसिंगबद्दल मी ठाम आहे.

फुलबाजा:
तुम्ही बसा कात्री घेऊन. आम्ही आता 'सामरी' (१९८५) लावतोय. थ्रीडी होता तो, चष्मा तेवढा कुणाकडे असेल तर कळवा.