साधा बेरियम स्वॉलो पुरेसा नाही

वडिलांना गिळताना ठसका लागतो, पण बेरियम स्वॉलो (एक्स-रेवर दिसणारं बेरियमचं द्रावण पाजून करतात ती तपासणी) नॉर्मल आला, म्हणजे ठसका वयामुळेच, असं एकांनी लिहिलंय. पटत नाही. ती तपासणी मुख्यतः अन्ननलिकेची. ठसक्याचं मूळ बहुतेकदा तिच्या वर, घशात असतं. त्यासाठी व्हिडिओफ्लुरोस्कोपी (गिळतानाचं एक्स-रे चित्रण) करतात, आणि तिथे रेडिओलॉजिस्टच्या जोडीला स्पीच थेरपिस्ट हवा. (बोलायला शिकवणाऱ्यांचं इथे काय काम, असं आमच्याकडेही सगळ्यांना वाटलं होतं.)

सासऱ्यांना पक्षाघातानंतर ही तपासणी सांगितली होती. थेरपिस्टबाईंनी त्यांना खुर्चीत बसवून आधी चमचाभर पातळ बेरियम दिलं, मग दाट, मग बेरियम लावलेलं बिस्किट. पातळ घोट श्वासनलिकेत उतरताना पडद्यावर स्पष्ट दिसला आणि सासरे खोकलेसुद्धा नाहीत! तेव्हा ठसका नाही म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. बाईंनी लगेच हनुवटी छातीकडे झुकवायला लावून तसाच घोट पुन्हा दिला, तो नीट गेला. नुसता दोष न शोधता कुठली युक्ती चालते हे तिथल्या तिथे तपासणं, हा त्यांचा खरा वाटा. सगळ्यांना हनुवटीची युक्ती लागू पडत नाही, म्हणून घरी आपल्या मनाने करू नका. रुग्ण एक्स-रे खोलीपर्यंत नेण्यासारखा नसेल तर नाकातून बारीक कॅमेरा घालून खाटेवरच गिळणं तपासता येतं, तेही विचारून बघा.