रीफ सर्व्हेला व्हॉलंटियर म्हणून जायचंय, पण बायोलॉजीचा गंध नाही, जमेल का?

शिंपली_रत्नागिरी:
नमस्कार मंडळी. मी मूळची रत्नागिरीची, सध्या सिंगापूरला नोकरीला. डायव्हिंगचं लायसन्स आहे, चाळीसेक डाइव्ह झाल्यात. मलेशियात रीफ चेक या प्रवाळांची पाहणी करणाऱ्या संस्थेचं इकोडायव्हर ट्रेनिंग असतं, ते करून टिओमन बेटावर प्रवाळांच्या सर्व्हेला जायचं मनात आहे. पण शिक्षण कॉमर्सचं, तिथे मासे शेकडो जातींचे, थोड्या दिवसांत किती डोक्यात राहणार? आणि मी चुकीचं मोजलं तर नुकसानच ना? कोणी केलंय का? सुट्टीत घरी आल्यावर जंगलात असं काही करता येतं का तेही सांगा.

खारा_वारा:
ताई, मी केलंय, कॉमर्सचं टेन्शन घेऊ नका. शेकडो जाती शिकवतच नाहीत. मोजकेच सूचक प्राणी असतात, बटरफ्लाय फिश, गोबरा, तांबोशीचं कुळ, पोपटमासा, वाम, शेवंड, समुद्रकाकडी, काटेरी मुकुटवाला तारामासा असे, म्हणजे ज्यांच्या कमीजास्त होण्यावरून मासेमारी किंवा प्रदूषणाचा अंदाज येतो ते. 100 मीटरची टेप तळावर टाकायची, त्यात 20 मीटरचे चार तुकडे, मध्ये 5 मीटर मोकळे. पहिली फेरी माशांची, कारण माणसांची गडबड झाली की ते कपारीत जातात. तळाचं काम शेवटी, दर अर्ध्या मीटरला दोरीला बांधलेलं वजन सोडायचं आणि ते ज्याला टेकेल तेच लिहायचं, अशा 160 नोंदी. वजन कशाला असं मलाही वाटलेलं, पण नुसत्या डोळ्याने बघितलं की नजर आपोआप बाजूच्या सुंदर प्रवाळावर जाते आणि वाळूच्या जागी प्रवाळ लिहिला जातो.

मला सगळ्यात जड गेलं ते पांढरं प्रवाळ ओळखणं. ब्लीच झालेलं, म्हणजे रंग उडालेलं प्रवाळ पांढरंफटक दिसतं तरी जिवंत असतं, जवळ जाऊन बघितलं की पातळ काचेसारखी कातडी दिसते, ते जिवंतातच धरायचं. नुकतंच मेलेलंही पांढरंच, पण त्यावर कातडी नसते, नुसता सांगाडा आणि हळूहळू शेवाळाची लव. 2024 मध्ये जगभर ब्लीचिंग चालू असताना हे दोन एकमेकांत मिसळले असते तर काय वाचलं आणि काय गेलं ते कळलंच नसतं. म्हणून तुमची चूक होण्याची भीती मला आवडली, ती असू द्या, ओळख पटली नाही तर लगेच पाण्यात लिहायच्या पाटीवर खूण करून ट्रेनरला विचारा, अंदाजाने आकडा भरू नका. आणि काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा, रकाना रिकामा सोडू नका, शून्य हीसुद्धा नोंद आहे.

मालवणचो_दर्यो:
बाजारात गोबरा, तांबोशी, शेवंड बघत वाढलीस म्हणजे नावांचं अर्धं काम झालंय. पण बाजारातली नजर पाण्यात फसते हां. मास्कमधून सगळं साधारण एक तृतीयांशाने मोठं दिसतं, आणि गोबरा मोजायचा तो फक्त 30 सेंटिमीटरच्या वरचा. म्हणजे 24 चा मासा तुला 32 चा वाटून यादीत शिरतो. प्लास्टिकच्या पाइपचे वेगवेगळ्या लांबीचे तुकडे पाण्यात धरून अंदाज सांगायचा सराव कर, मी पाटीच्या कडेलाच सेंटिमीटरच्या खुणा करून घेतल्यात. मालवणला पण प्रवाळ आहेत, 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, पण पाणी टिओमनसारखं नितळ नाही. आधी नितळ पाण्यात हात बसव मग इकडे ये.

धनेश_सावंतवाडी:
जंगलाचं मी सांगतो. आंबोलीकडच्या सदाहरित पट्ट्यात आम्ही फुलपाखरं मोजतो, ठरलेल्या वाटेवर सावकाश चालायचं, दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि पुढे 5 मीटर एवढ्यातलंच धरायचं, बाहेर कितीही देखणं दिसलं तरी नाही. म्हणजे तुमच्या रीफवर टेपभोवती मासे मोजतात तसाच 5 मीटर रुंदीचा पट्टा. फरक एवढाच की दाट जंगलात पक्षी दिसत कमी आणि ऐकू जास्त येतात, त्यामुळे नवीन माणसाला आम्ही सुरुवातीला नुसतं उभं करतो, दहा मिनिटं, डोळे मिटून, आणि किती वेगवेगळे आवाज आले ते विचारतो. शीळकरी कस्तुर या पक्ष्याचा आवाज बहुतेकांना पहिल्याच सकाळी ओळखता येतो. मग जुना आणि नवा एकाच वाटेवर आपापलं मोजतात, आकडे जुळायला लागले की नव्याच्या नोंदी घेतो, तोवर नाही. अभयारण्य असेल तर वनखात्याची परवानगी आधी. जळवांसाठी लांब मोजे आणा.

शिंपली_रत्नागिरी:
खूप धन्यवाद सगळ्यांना, पाइपचे तुकडे आजच कापते. डिसेंबरच्या सुट्टीत टिओमनला जमेल का?

खारा_वारा:
डिसेंबर नको ताई. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडचा पावसाळा, टिओमनला नेणारी मर्सिंगची बोट बेभरवशाची असते आणि पाणी गढूळ. एप्रिलनंतरची बॅच बघा.