मदत हवी आहे: खिलाडूवृत्तीचं बक्षीस कसं ठरवता?

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववीची वर्गशिक्षिका. सत्र संपत आलंय, प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहितेय. गुणांचं काम सरळ आहे, अडलंय खिलाडूवृत्तीपाशी.

आंतरवर्ग फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात माझ्या वर्गातल्या मुलाने गोल केला आणि स्वतःच रेफ्रींना सांगितलं की चेंडू हाताला लागला होता. गोल रद्द झाला, सामना हरलो. गोव्यात फुटबॉल म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. काही मुलं अजून त्याच्याशी धड बोलत नाहीत. अशा मुलाला ‘वर्तन चांगले’ एवढाच शेरा द्यायचा? मला तो फार तोकडा वाटतो.

१९६४च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये इटलीच्या युजेनिओ मोंतीने ब्रिटिश प्रतिस्पर्ध्यांना आपल्या बॉबस्लेचा (बर्फावरच्या शर्यतीतल्या घसरगाडीचा) बोल्ट दिला. सुवर्ण त्यांना मिळालं, पण फेअर प्लेचा सन्मान मोंतीला. तसं बक्षीस शाळेत सुरू करा, असं मुख्याध्यापकांना सुचवणार आहे.

तुमच्याकडे आहे का असं काही? निवड कोण करतं: शारीरिक शिक्षणाचे सर, वर्गशिक्षक की मुलंच? मुलांचं मत घेतलं तर ते लाडक्या खेळाडूलाच जात नाही ना? शेऱ्याचा एखादा नमुनाही द्या. पुस्तकं या आठवड्यातच द्यायची आहेत.