रत्नागिरी शहर दोन दिवसांत: काय पाहावं, कोणत्या क्रमाने?

घाटावरचा:
मे महिन्यात पुण्याहून गाडीने रत्नागिरीला जातोय. रविवारी सकाळी पोहोचणार, सोमवारी दुपारनंतर परत. सोबत आई (७२, गुडघे दुखतात) आणि ११ वर्षांचा मुलगा. गणपतीपुळे झालेलं आहे, शहरच नीट बघायचंय. थिबा राजवाडा सोमवारी ठेवला तर चालेल का? भाट्याच्या समुद्रकिनारी सूर्यास्त बघायचाय. आंबे कसे घ्यावेत तेही सांगा.

पेठकिल्ला:
राजवाडा सोमवारी अजिबात ठेवू नका. तिथे शासकीय संग्रहालय आहे आणि ते सोमवारी बंद असतं. लोक बाहेरून फोटो काढतात आणि परत फिरतात. रविवारीच उरका.

ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि पुढे इथे आणून ठेवलं. वाडा मात्र १९१० ला तयार झाला आणि राजा १९१६ मध्ये वारला. म्हणजे स्वतःच्या वाड्यात राहायला मिळाली जेमतेम सहा वर्षं. खिडक्यांवरच्या कमानीतल्या रंगीत काचा आतून, बाहेर ऊन असताना बघा. तिथून थिबा पॉइंट जवळच आहे, खाली भाट्याची खाडी दिसते. राजाची समाधी शिवाजीनगर भागात आहे, तिकडे फारसं कोणी फिरकत नाही.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान (१८५६) आणि भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर (१९३१) गावातच आहे. दोन्ही मिळून दीड तास पुरे. मुलासाठी पेठकिल्ल्याचं मत्स्यालय. देवमाशाचा सांगाडा बघून पोरं हलत नाहीत.

उधाण_भांग:
समुद्राचं आधी तिथी बघून ठरवा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याच्या सहा तास पुढेमागे पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सूर्यास्ताला ओहोटी आणि पुळण (वाळूचा किनारा) लांबरुंद. सूर्यास्त भाट्यालाच बघायचा तर असे दिवस उत्तम. तुमच्या रविवारी तिथी कोणती?

घाटावरचा:
सप्तमी.

उधाण_भांग:
सात पाऊणे सव्वापाच. संध्याकाळी भरती जवळजवळ पूर्ण असेल. पण सप्तमी-अष्टमीला भांग (लहान भरती) असतो, उधाण (मोठी भरती) नाही. पाणी फार वर चढत नाही, बसायला वाळू उरते. तरी तुमच्या जागी संध्याकाळ किल्ल्याला दिली असती. रत्नदुर्ग तीन बाजूंनी समुद्रात आहे. एका बाजूला मांडवीची काळी वाळू, दुसरीकडे पांढरा समुद्र, म्हणजे पांढऱ्या वाळूचा किनारा. गाडी पार्किंगपर्यंत जाते, पुढे भगवतीच्या देवळाला पायऱ्या आहेत. आईंना सावकाश न्या, नाहीतर खालीच बसवा.

भाटे सोमवारी सकाळी साडेसात-आठला. पाणी उतरत असतं, ओली घट्ट वाळू चालायला सोपी. पण काजळी नदीच्या मुखाकडे पोहायला उतरू नका. ओहोटीत खाडीचं पाणी बाहेर ओढतं, आणि ती ओढ वरून कळत नाही. पुलाकडची बाजू सोडून झरी विनायकाच्या देवळाच्या दिशेने चाला.

पेठकिल्ला:
दुरुस्ती नव्हे, भर: दुपारी १२ ते ४ मे महिन्यात किल्ला नकोच. जांभा दगड तापलेला असतो. त्या वेळात जेवण आणि राजवाडा.

बागायतदार_पावस:
आंब्याचं. पिकलेली पेटी घेऊन पुण्याला निघू नका, बंद डिकीच्या उष्णतेत वरचा थर मऊ पडतो. कडक, अर्धकच्चा घ्या, घरी गवतावर एकेरी थरात देठ वर करून पसरा, वास सुटला की खा. कच्चा असताना फ्रिजमध्ये घातला तर पिकत नाही, सुरकुततो.

पेटीचा नुसता दर विचारू नका, किती डझनाची ते विचारा. फळ मोठं तेवढे डझन कमी. झाकण उघडून खालचा थर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, मोठी फळं वर आणि बारकी खाली हा जुना प्रकार आहे. विक्रेता एक कापून दाखवतो, संकोचू नका. गर केशरी हवा. लिंबासारखा पिवळा असेल तर तो बहुधा कर्नाटकातून आलेला. साका (गरात आतून खराब झालेला भाग) मात्र बाहेरून कोणालाच ओळखता येत नाही, डझनात एखादा निघाला तर भांडू नका. वळवाचा पाऊस पडून गेला असेल तर माल थोडाच घ्या, डाग लवकर पडतात.

घाटावरचा:
रविवारी राजवाडा आणि किल्ला, सोमवारी सकाळी भाटे, मग मत्स्यालय, जाताना आंबे. राजवाड्याच्या आवारात गाडी लावता येते ना?

पेठकिल्ला:
येते. रविवारी गर्दी असते एवढंच.