परग्रहांवर उतरायला फुगणारं कवच हवं. पटतं का?

धूमकेतू: जड यानं मंगळावर नेताना अडतं ते रॉकेटच्या टोपणापाशी. त्यात मावेल एवढ्याच घेराचं उष्णतारोधक कवच सोबत जातं. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, म्हणजे वेग मारायला घेर मोठाच लागणार. मग कवच घडी करून न्यावं, पोहोचल्यावर फुगवावं. नासाच्या 'लॉफ्टिड'ने नोव्हेंबर २०२२ मध्ये हेच करून दाखवलं: ६ मीटर व्यासाचं फुगवलेलं कवच कक्षेतून खाली आलं आणि पॅसिफिकमध्ये शाबूत उतरलं. आता वाट कशाची पाहायची?

पोलादी: एका चाचणीवर एवढा भरवसा? तीही पृथ्वीच्या दाट हवेत. एअरबॅगचं काय झालं आठवा. १९९७ मध्ये पाथफाइंडर यान आणि २००४ मध्ये स्पिरिट, ऑपॉर्च्युनिटी या बग्ग्या मंगळावर एअरबॅगवर उसळ्या घेत उतरल्या. पुढची बग्गी क्युरिऑसिटी जवळपास ९०० किलोची झाली तेव्हा एअरबॅग सोडून रॉकेटच्या पाळण्यातून दोरांनी खाली सोडावी लागली. वजन वाढलं की कापड हरतं.

धूमकेतू: इथे गल्लत होतेय. एअरबॅग जमिनीवर आदळण्याचा धक्का सोसते, कवच त्याआधी वरच्या हवेत वेग आणि उष्णता झेलतं. यान जड झाल्यावर एअरबॅग निरुपयोगी ठरते, कवचाची गरज तिथूनच सुरू होते.

शुक्रप्रेमी: दोघंही मंगळावरच अडकलात! शुक्राच्या जमिनीवर ४६० अंश तापमान. व्हेनेरा १३ सारखं भक्कम यान तिथे दोन तासांच्या आसपास तगलं. १९८५ मध्ये सोव्हिएत वेगा मोहिमांचे दोन हेलियम फुगे मात्र सुमारे ५४ किलोमीटर उंचीवर आम्लाच्या ढगांत जवळपास दोन दिवस तरंगत माहिती पाठवत राहिले. चाळीस वर्षं होऊन गेली, तिथे दुसरा फुगा कोणी पाठवलेला नाही. मला याचा मनापासून राग येतो.

पोलादी: शुक्राचं मान्य, तिथे फुग्याला तोड नाही. माझी हरकत माणसांच्या जिवाशी खेळण्याला आहे. अंतराळ स्थानकावरची 'बीम' ही फुगणारी खोली २०१६ मध्ये पहिल्या प्रयत्नात उलगडलीच नाही, घडीत राहून कापड ताठरलं होतं. तिथे थांबून दोन दिवसांनी पुन्हा प्रयत्न करता आला. मंगळाच्या हवेत शिरताना दुसरी संधी कोण देणार?

धूमकेतू: हा मुद्दा खरा वजनदार. म्हणूनच माणसं दूर ठेवा, आधी फक्त मालवाहू यान या कवचावर मंगळाला पाठवा. महिनोन्‌महिने घडीत राहिलेलं कापड तिथे उलगडतं का, हे पृथ्वीभोवतीच्या चाचण्यांत कळणार नाही.